एकाच टाचणीवर अख्खा पावसाळा ठोकणाऱ्यास

प्रति,
पावसाळाभर सह्याद्री हिंडून, दिवाळीच्या सुट्टीत घरबसल्या सगळ्या फोटोंना एकच ठिकाण चिकटवणारे महाशय,
यांस,

नमस्कार. पत्राच्या सुरुवातीला ‘सप्रेम’ लिहायची रीत आहे, पण ते लिहायला माझा हात धजत नाही. मी रानफुलांच्या आणि बेडूक-पाखरांच्या नोंदी तपासणाऱ्यांपैकी एक आहे. लोकांनी काढलेले फोटो पाहायचे, जात ओळखायची, ठिकाण पटते का ते बघायचे आणि मग नोंद पक्की करायची, एवढेच आमचे काम. तुमच्या नोंदी आल्यापासून ते काम तुमच्याभोवतीच फिरते आहे. इतक्या माणसांचा इतका वेळ एकट्याने खाल्लात, याची दखल घेतलीच पाहिजे.

तुमचे फोटो उत्तम आहेत, हे आधीच सांगते. पाकळीवरची लव दिसते, बेडकाच्या डोळ्यातली बाहुली दिसते. कॅमेरा महागाचा आहे, हातही स्थिर आहे. म्हणूनच संताप जास्त येतो. फोटो धूसर असते तर ते तसेच बाजूला पडले असते. ते इतके स्वच्छ आहेत की कोणीही त्यांच्यावर विश्वास ठेवेल.

तुमच्या कॅमेऱ्यात जीपीएस नाही. आंबोली, चाळकेवाडी, कास, हरिश्चंद्रगड असे हिंडून झाल्यावर तुम्ही संगणकावर सगळे फोटो एकदम निवडलेत आणि नकाशावर ओढून सोडलेत. टाचणी पडली कासच्या पठारावर. संगणकाने निमूटपणे प्रत्येक फोटोच्या पोटात तेच अक्षांश-रेखांश लिहिले, तेही दशांशचिन्हापुढे सहा आकड्यांपर्यंत. मग ते फोटो तुम्ही सार्वजनिक नोंदींत चढवलेत.

सहा आकडे म्हणजे काय, याचा हिशेब तुम्ही केला नसणार, म्हणून मी करून देते. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर सुमारे १११ किलोमीटर. दशांशचिन्हापुढचा एकेक आकडा ते अंतर दहापट बारीक करत जातो. दुसऱ्या आकड्याला आपण एक किलोमीटरवर येतो, पाचव्याला एक मीटरवर आणि सहाव्याला अकरा सेंटिमीटरवर. म्हणजे तुमचे म्हणणे असे की आंबोलीचा टोड, हरिश्चंद्रगडाच्या कड्यावरचे कंदीलपुष्प आणि चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांखालचा तेरडा हे सगळे कासला एका वीतभर जागेत नांदत होते. तो आंबोलीचा टोड २००९ साली विज्ञानाला नवीन म्हणून वर्णिला गेला. आंबोलीच्या आसपासच्या फार थोड्या जागेत तो सापडतो, आणि जगातल्या अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत त्याचे नाव आहे. त्याला तुम्ही बसल्या जागी सुमारे दोनशे किलोमीटर उत्तरेला नेलेत आणि पाचशेएक मीटर उंच चढवलेत.

तुम्ही म्हणाल, चुका सगळ्यांच्याच होतात. होतात. रोज पाहते. कोणी अक्षांश आणि रेखांश उलटसुलट लिहितो, आणि कासचे फूल स्वालबार्डच्या दक्षिणेला, बेअर आयलंडजवळच्या थंड समुद्रात उगवते. कोणी रेखांश लिहितो पण तो पूर्वेचा हे सांगायचे राहते, कारण फोटोच्या फाइलमध्ये आकडा एका रकान्यात असतो आणि पूर्व-पश्चिम दुसऱ्या. ते फूल हैतीच्या दक्षिणेला कॅरिबियन समुद्रात तरंगत असते. कुणाच्या सॉफ्टवेअरने रिकाम्या रकान्यात शून्य भरले, तर नोंद जाते आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात, जिथे शून्य अक्षांश आणि शून्य रेखांश एकमेकांना छेदतात. या चुकांचा मला राग येत नाही. त्या नकाशावर लांबूनच दिसतात. समुद्रातल्या तेरड्यावर कोण विश्वास ठेवणार? अशा नोंदी गाळायला आता आपोआप चालणाऱ्या चाळण्याही आहेत.

तुमची चूक कुठल्याच चाळणीत अडकत नाही. कास खरे आहे, पठार आहे, कातळसड्यावरची फुले तिथे फुलतात, पावसाळ्याचे दिवसही जुळतात. तुमचे खोटे पटण्यासारखे आहे. समुद्रातली चूक दुसऱ्या दिवशी मरते, पण पटण्यासारखे खोटे शंभर वर्षे जगते. हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. असे घडलेले आहे, आणि आपल्याच खानदेशातल्या एका पक्ष्याच्या बाबतीत घडलेले आहे.

रानपिंगळा तुम्हाला माहीत असेल. तुमच्या फोटोंत नाही म्हणून बरे. १८७३ साली ॲलन ह्यूमने या छोट्या घुबडाचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने खानदेशात त्याचे काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर हा पक्षी कुणाच्या हाती लागला नाही. अपवाद एकच: कर्नल रिचर्ड माइनर्टझहेगन यांच्या संग्रहातला एक नमुना. त्याच्या चिठ्ठीवर लिहिले होते की हा पक्षी ऑक्टोबर १९१४ मध्ये तापीकाठच्या मांडवीला मिळाला.

मांडवी गुजरातेत, सुरतेच्या बाजूला. नदी तीच, रान तसेच, खानदेशापासून अंतर फार नाही. पटण्यासारखे ठिकाण. कोणाला संशय येण्याचे कारण नव्हते. त्या चिठ्ठीवर विसंबून रानपिंगळ्याचा शोध घेणारे रिकाम्या हाताने परतले. पक्षी बहुधा संपला, असे लोक म्हणू लागले.

मग पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षितज्ज्ञांनी तो नमुना नीट तपासला. कातड्यात भुसा-कापूस भरायची प्रत्येक संग्राहकाची आपली पद्धत असते आणि जाणत्या डोळ्याला ती ओळखू येते. मांडवीचा म्हणून मिरवणारा पक्षी मुळात डेव्हिडसनच्या हातचा निघाला. खानदेशातून आलेला, चोरलेला, पुन्हा भरलेला, आणि वर नवी चिठ्ठी बांधलेला. ठिकाण नंतर जोडलेले होते. तारीखही. मांडवी बाजूला ठेवून रासमुसेन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणे धरली, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला त्यांना रानपिंगळा जिवंत दिसला. एकशे तेरा वर्षांनी. पक्षी होता तिथेच होता. चिठ्ठी दुसरीकडे बोट दाखवत होती.

त्या कर्नलने चोरी केली होती, तुम्ही केवळ आळस केलात, हा फरक मला मान्य आहे. पण जो माणूस शंभर वर्षांनी तुमची नोंद उघडून रान हुडकायला निघेल, त्याला या फरकाचा काय उपयोग? त्याच्या हातात चुकीचे ठिकाणच असणार.

आता कॅमेऱ्याकडे येते. त्यात जीपीएस नसणे हा दोष नाही, कितीतरी चांगल्या कॅमेऱ्यांत तो नसतो. म्हणून तर नंतर ठिकाण जोडायची सोय आहे. ती किती सरळ आहे हे तुम्हाला माहीत नसेल तर माझ्या रागाचे कारणही कळणार नाही. खिशातल्या फोनमध्ये वाट नोंदवणारे एखादे ॲप सुरू करून निघायचे. फोन दर काही सेकंदांनी लिहीत जातो की इतके वाजून इतकी मिनिटे, मी अमुक ठिकाणी. ट्रेकवाली मंडळी याला ट्रॅक म्हणतात आणि जीपीएक्स नावाच्या फाइलमध्ये तो एकमेकांना पाठवतात. ही फाइलरचना २००२ पासून सगळ्यांना खुली आहे. घरी आल्यावर फोटोची वेळ आणि ट्रॅकमधली वेळ जुळवली की प्रत्येक फोटोला त्याची त्याची जागा मिळते. हे जुळवण्याचे काम एक्झिफटूल नावाचे सॉफ्टवेअर करते, डिजिकॅमही करते. एक्झिफटूल फिल हार्वी या गृहस्थांनी २००३ पासून जगाला फुकट दिले आहे. शेकडो फोटो असले तरी चहा होईपर्यंत काम आटोपते. तुम्हाला टाचणी ओढायला जेवढा वेळ लागला, जवळपास तेवढाच.

यात काळजी घ्यावी लागते ती एकाच गोष्टीची, घड्याळाची. त्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमचे मित्र ट्रॅक ठेवतात आणि तरी इथेच घसरतात. कॅमेऱ्यातले घड्याळ कधीकाळी माणसाने लावलेले असते. ते हळूहळू पुढे-मागे जाते, आणि बॅटरी फार दिवस काढून ठेवली तर थेट वर्षानुवर्षे मागे पडते. उपग्रहांकडून येणारी वेळ मात्र अचूक असते, आणि ट्रॅकमध्ये ती जागतिक वेळ म्हणून लिहिली जाते. आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. २०१६ पर्यंत तर फोटोतली वेळ कुठल्या देशाची, हे लिहायला फाइलमध्ये ठरलेला रकानाच नव्हता. हे साडेपाच तास सांगायचे राहिले, की सकाळी अकराला पठारावर टिपलेले फूल संध्याकाळच्या साडेचारला जाऊन चिकटते, आणि तेव्हा तुम्ही साताऱ्याच्या स्टँडवर गाडीची वाट पाहत असता.

मिनिटाच्या चुकीलाही अंतर असते. रमतगमत चालणारा माणूस मिनिटाला साठ-सत्तर मीटर जातो. घाटातली गाडी तेवढ्यात अर्धा किलोमीटर कापते, आणि घाटात अर्धा किलोमीटर म्हणजे झाडोराच बदलतो. उपाय इतका साधा आहे की लिहायलाही संकोच वाटतो. निघताना फोनच्या पडद्यावरचे घड्याळ, सेकंदांसकट, कॅमेऱ्याने टिपायचे. तो एक फोटो कॅमेरा किती पुढे किंवा मागे आहे ते सांगतो, आणि तेवढा फरक एक्झिफटूलला सांगितला की ते सगळा दिवस सरकवून घेते. दिवसाच्या शेवटी पुन्हा एकदा टिपला तर आणखी चांगले. पण तुम्ही एवढ्या फुलांचे फोटो काढलेत, घड्याळाचा एकही नाही.

तुमचे पहिले उत्तर मला ठाऊक आहे: ‘तिथे रेंज नव्हती.’ हे इतक्यांदा ऐकले आहे की आता मोठ्याने सांगते. जीपीएसला मोबाइलच्या रेंजची गरज नसते. फोन वीस हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांचे संकेत नुसते ऐकतो आणि आपले स्थान स्वतःच काढतो. टॉवर नसेल तर पाठीमागचा नकाशा उमटणार नाही, जागेचा आकडा उमटतोच. हरिश्चंद्रगडावर फोन लागत नाही म्हणून आभाळ बंद पडत नाही. दाट झाडीत किंवा अरुंद घळीत तो आकडा पन्नास-शंभर मीटर हेलकावे खातो, ते मान्य. खिशातून काढल्याकाढल्या टिपलेल्या पहिल्या फोटोत फोन कधी कधी आधीची, शिळी जागा लिहून टाकतो. म्हणून फोनने आपोआप लिहिलेले ठिकाणही नकाशावर एकदा डोळ्यांखालून घालायचे असते. दरीपलीकडच्या कड्यावरचे गिधाड मोठ्या भिंगाने टिपले, तर लिहिली जाते ती तुमची जागा, गिधाडाची नव्हे. तेही नोंदीत सांगायचे. या सगळ्या खऱ्या अडचणी आहेत, आणि त्या कशा सोडवायच्या हे कोणी विचारले तर मी रात्री अकरा वाजताही फोन उचलते. तुम्ही विचारले नाहीत.

दुसरे उत्तर: ‘साधारण कुठे होतो ते माहीत होते.’ मग साधारणच लिहायचे होते! कुणी अडवले होते? ठिकाण लिहिण्याची मान्य रीत बिंदू आणि त्रिज्या अशीच आहे. बिंदू इथे, आणि खरी जागा याच्याभोवती इतक्या मीटरमध्ये कुठेतरी. कासचे पठार सुमारे दहा चौरस किलोमीटरचे. नेमका कोपरा आठवत नसेल तर मध्ये टाचणी लावून तीन किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढा. नोंद खरी राहते आणि अभ्यासकाला कळते की हिच्यावर किती भार टाकायचा. फोटोच्या फाइलमध्येही यासाठी जागा आहे. ठिकाण कसे मिळाले, हे सांगणारा एक रकाना प्रमाणातच ठेवलेला आहे: उपग्रहाने, मोबाइलच्या टॉवरने, वायफायने, की हाताने. चूक किती मीटरची असू शकेल, हे लिहायला आणखी एक रकाना. फोटोची ही रचना ठरवणाऱ्यांनी प्रामाणिक माणसासाठी एवढी सोय करून ठेवली. तुम्ही ते दोन्ही रकाने कोरे ठेवलेत आणि जिथे कोरे ठेवायला हवे होते तिथे सहा आकडे भरलेत.

सोयीची म्हणून लावलेली टाचणी माणसांनाही छळते. अमेरिकेत संगणकांच्या पत्त्यांवरून ठिकाण सांगणाऱ्या एका कंपनीने, नेमके ठिकाण माहीत नसले की देशाच्या मधोमध एक बिंदू द्यायचे ठरवले. तो बिंदू पडला कॅन्ससमधल्या एका शेतघरावर. फसवले गेलेले लोक, पोलीस, सगळे वर्षानुवर्षे त्या घराच्या दारात येऊन उभे राहू लागले, आणि घरच्यांना कारणच कळेना. २०१६ साली ते प्रकरण उघड झाले आणि कोर्टात गेले. कंपनीनेही कुणाचे वाईट चिंतले नव्हते. ‘माहीत नाही’ म्हणायच्या जागी तिने एक टाचणी लावली होती.

तुमचे तिसरे उत्तर मात्र मला खरोखर दुखावते, कारण त्यात चांगुलपणाचा आव आहे. तुम्ही एका ओळखीच्या माणसाला सांगितलेत म्हणे, की दुर्मीळ फुलांची जागा लोकांना कळू नये म्हणून मुद्दाम चुकीची लिहिली. भीती खरी आहे. कंदीलपुष्पाचा कंद खणून नेणारे आहेत, घरट्यापाशी गर्दी करून पक्ष्याला उठवणारे आहेत, आणि नेमके ठिकाण जाहीर झाल्यावर पुढच्या रविवारी तिथे चपलांनी तुडवलेला चिखल उरतो. जागा झाकलीच पाहिजे. पण झाकण्यासाठी खोटे बोलावे लागत नाही. आयनॅचरलिस्ट या नोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकताना ठिकाण झाकण्याचा पर्याय एका टिचकीवर आहे. मग लोकांना दिसतो तो ०.२ अंशाच्या चौकोनातला कुठलातरी बिंदू, म्हणजे साधारण बावीस किलोमीटर लांब-रुंद पट्ट्यात कुठेही, आणि खरे ठिकाण आत सुरक्षित राहते. संकटातल्या कितीतरी जातींसाठी ही व्यवस्था आपोआपच लागू होते. हेही नको असेल तर ठिकाण पूर्ण खासगी ठेवा. अगदीच विश्वास नसेल तर नोंद टाकू नका. गप्प बसण्याचा हक्क तुम्हाला आहे. आंबोलीचा टोड कासला आहे, असे जगाला सांगण्याचा नाही.

आणि राखणदारच असतात तर सगळ्या फुलांना एकच जागा का दिलीत? दुर्मीळ काय आणि गवत काय, सगळे एकाच टाचणीखाली. वर कास! जिथे हंगामात आधीच माणसांच्या रांगा लागतात, गर्दी आवरता आवरता जिथल्या लोकांच्या नाकी नऊ येतात, तिथेच आणखी एक दुर्मीळ फूल असल्याची आवई उठवून तुम्ही कुणाचे रक्षण केलेत?

यातून काय बिघडते, ते तुम्हाला नीट कळावे असे मला मनापासून वाटते. एखादी जात कुठे जगू शकते, हे काढताना तिच्या प्रत्येक नोंदीच्या जागेवरचा पाऊस, तापमान आणि उंची घेतात आणि त्यावरून बाकीचा प्रदेश ताडून पाहतात. सह्याद्रीत हे गणित फार नाजूक आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, आणि तिथून रस्त्याने तीसेक किलोमीटर खाली वाईला त्याचा अगदी थोडा वाटा उरतो. इथे टाचणी एका डोंगरापलीकडे सरकली तर रोपट्याचे हवामान बदलते. मोजक्या नोंदी असलेल्या जातीत तुमची एक नोंद घुसली, की ती जात आहे त्यापेक्षा बऱ्याच मोठ्या टापूत सुखाने नांदते आहे असे दिसू लागते. संकटाची पायरी ठरवताना टापूचा आकार मोजतात. तो तुम्ही फुगवलात.

आणि सडे! कोकणातले आणि घाटमाथ्यावरचे कातळसडे सरकारी कागदांवर कितीतरी ठिकाणी पडीक जमीन म्हणून नोंदलेले आहेत. आठ महिने काळा-तांबडा कातळ, त्यामुळे पाहणाऱ्याला तिथे काही आहे असे वाटतच नाही. बॉक्साइट काढणाऱ्याला ती मोकळी जागा दिसते, पवनचक्की आणि रिसॉर्टवाल्यालाही. ‘इथे अमुक फूल आहे, तमुक बेडूक आहे, जगात दुसरीकडे नाही’ असे म्हणायला त्या सड्याच्या बाजूने उभा राहतो तो फक्त नोंदींचा कागद. त्यात तुमची एक खोटी नोंद सापडली की समोरच्या वकिलाचे काम झाले. तुमच्या एका टाचणीने तो बाकीच्या सगळ्या खऱ्या टाचण्या उपटून काढेल. शिवाय ज्या सड्यावर तुम्ही ते फूल खरोखर पाहिलेत, तिथे आज नोंद नाहीच.

उलट जागा नेमकी माहीत असली तर काय होते, हेही आंबोलीनेच दाखवले आहे. तिथल्या हिरण्यकेशीच्या देवळापाशी कुंडात एक छोटा मासा सापडला. २०२० साली शिस्टुरा हिरण्यकेशी या नावाने त्याचे वर्णन झाले आणि २०२१ मध्ये राज्य सरकारने ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केली. कुठले पाणी, कुठले कुंड, हे बोट ठेवून सांगता आले म्हणून. रानपिंगळ्याचेही तेच. २०१४ साली तो मुंबईच्या उशाशी, तानसा अभयारण्यात दिसला. सातपुड्यापासून इतक्या दूर, पश्चिम घाटाच्या कुशीत. अशी नोंद सहज कोणी मानत नाही. ठिकाण, दिवस, फोटो, सगळे एकमेकांशी जुळले म्हणून ती मानली गेली. तुमच्यासारख्यांनी आधीच चार-सहा खोट्या टाचण्या त्या बाजूला टोचून ठेवल्या असत्या, तर ही खरी नोंद कोणी ऐकली असती?

हे सगळे वाचून ‘मी फक्त हौशी आहे’ असे म्हणू नका. आपल्याकडच्या सड्यांविषयी आज जे कळले आहे, त्यात हौशी माणसांचा वाटा मोठा आहे. बँकेत नोकरी करून रविवारी गवते पाहणारे, शाळेत शिकवून पावसाळ्यात बेडकांचे आवाज टिपणारे. ते जीपीएक्स ठेवतात, घड्याळाचा फोटो काढतात, न आठवणारी जागा कोरी सोडतात. त्यांच्याकडे तुमच्याएवढा भारी कॅमेरा बहुधा नाही. हौशी या नावावर त्यांचा हक्क आहे. त्यांच्या आड तुम्ही लपावे, हे मला चालणार नाही.

आता काय करायचे ते सांगते. चढवलेल्या नोंदी उघडा. ज्यांची जागा आठवत नाही, त्यांचे ठिकाण पुसा. जिल्हा आठवत असेल तर जिल्हा लिहा, गाव आठवत असेल तर गाव, आणि भोवती प्रामाणिक त्रिज्येचे वर्तुळ काढा. फोटोंच्या मूळ फाइलींमधल्या वेळा शाबूत असतील. आपोआप वाट नोंदवून ठेवणारी सोय फोनमध्ये चालू होती का ते तपासा. चालू असेल तर बरेच फोटो आजही आपल्या जागी परत नेता येतील. बरोबर कोणी होते का, त्यांच्या फोनने काढलेले फोटो आहेत का, तेही विचारा. एकाच वेळी एकाच फुलावर वाकलेल्या दोघांपैकी एकाच्या फोटोत जागा असेल तर ती दुसऱ्याला देता येते. मात्र तो फोटो संदेशाच्या ॲपवरून साधा मागवू नका. तिथे बहुतेकदा फोटोच्या पोटातली सगळी माहिती गळून पडते. मूळ फाइल मागा. जिथे हाताने ठिकाण लिहाल, तिथे ‘हाताने लिहिले’ असे लिहा.

सुरुवात आंबोलीच्या टोडापासून करा, मग हरिश्चंद्रगडाचे कंदीलपुष्प घ्या. बाकीचे एकवेळ आठवडाभर थांबतील. हे दोन थांबू शकत नाहीत, कारण तुमची नोंद पाहून दोन विद्यार्थ्यांनी येत्या जूनमध्ये कासला जायचे ठरवले आहे आणि प्रवासाचे पैसे ते स्वतःच्या खिशातून घालणार आहेत. मी त्यांना थांबायला सांगितले आहे. त्यांनी कुठे जायचे, ते तुम्हीच सांगू शकता.

आपली,
नोंदी तपासणारी एक